ओसाड, कौल आणि उपरी : खानदेशाच्या वसाहतीची कथा

'कौल' हा शब्द आज आपल्या कानावर पडतो तो बहुधा निवडणुकीच्या दिवसांत. मतदार कौल देतात. कोकणात देवाला कौल लावतात. पण जुन्या मराठी दप्तरांची थोडीफार ओळख असलेल्यांना या शब्दाचा आणखी एक अर्थ ठाऊक असेल. लढाईने, दुष्काळाने वा दरोड्यांनी गाव उजाड झाले, रयत परागंदा झाली, म्हणजे सरकार कौल देई. परत या, किंवा नव्याने या, जमीन कसा, आरंभीची काही वर्षे सारा माफ अथवा नाममात्र, पुढे दरसाल थोडा चढता, आणि ठरल्या मुदतीनंतर पूर्ण. या चढत्या साऱ्याच्या रीतीला इस्तावा म्हणत. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही शब्द याच अर्थांनी नोंदलेले आहेत. कौल म्हणजे अभयवचन, आणि त्याच वेळी आमंत्रणही.

आज स्थलांतरविषयक धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पारपत्र, व्हिसा आणि सीमेवरचे तपासणीनाके उभे राहतात. म्हणजेच, माणसांना अडवण्याचे धोरण. जमीन उदंड आणि हात थोडे अशा काळात राज्यकर्त्यांची चिंता याच्या नेमकी उलट होती. माणसे आणायची कशी आणि आलेली टिकवायची कशी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकातला खानदेश हे या उलट्या धोरणाचे आपल्या घरातले उदाहरण आहे. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांचे (आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारचे) आजचे रूप पुष्कळ अंशी या आमंत्रणांतून घडले. मात्र आमंत्रण देताना यजमानाने एक गोष्ट गृहीत धरली होती. घर रिकामे आहे, हे ते गृहीतक. प्रस्तुत लेखाचा विषय हे गृहीतक हाच आहे.

उजाड मुलूख

खानदेश मुळात ओसाड प्रदेश नव्हे. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर यांच्या काठची काळी जमीन प्राचीन काळापासून कसली जात होती. फारुकी राजांनी येथे दोनशे वर्षे राज्य केले. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला, खानदेश मोगलांचा सुभा झाला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून काही काळ 'दानदेश' असेही म्हटला गेला. बऱ्हाणपूर ही तर दक्षिणेची किल्लीच. दख्खनमधून हिंदुस्थानात आणि माळव्यातून सुरतेकडे जाणारे रस्ते येथूनच जात. रस्त्यावरच्या गावाला व्यापार मिळतो. पण फौजाही त्याच रस्त्याने येतात. खानदेशाला या दोन्हींचा अनुभव भरपूर आला.

१८०२ साली होळकरांच्या फौजेने हा मुलूख तुडवला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी, अरब शिबंदीची जुलूमशाही आणि डोंगरातून उतरणाऱ्या टोळ्या असे एकावर एक घाव बसत गेले. धुळे गाव १८०३ मध्ये पार ओस पडले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले आणि त्याबद्दल त्यांना इनाम जमीन व इतर मानपान मिळाले. गाव वसवणे हे तेव्हा लढाई मारण्याइतकेच बक्षीसपात्र काम होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. म्हणजे कौलाचे धोरण कंपनी सरकारने शोधून काढले नाही. ते त्यांना वारशाने मिळाले.

धुळ्याचे आमंत्रण

१८१८ मध्ये थाळनेर व मालेगाव पडल्यावर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांनी मुख्य ठाण्यासाठी धुळे निवडले. १८१९ साली या गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. आजच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी ही वस्ती.

ब्रिग्ज यांनी येथे जे केले ते आजच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या जाहिरातीशी ताडून पाहण्यासारखे आहे. लांबलांबून कारागीर आणून सत्तावीस हजार रुपये खर्चून कचेऱ्या उभारल्या. व्यापाऱ्यांना व इतरांना नव्या पेठेत येऊन राहण्याचे उत्तेजन दिले. घरबांधणीसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. पक्की घरे बांधण्यासाठी आगाऊ रकमा दिल्या, आणि त्या जुन्या रहिवाशांना व बाहेरून येणाऱ्यांना अशा दोघांनाही दिल्या. या शेवटच्या तपशिलाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बाहेरच्याला बोलावताना आतल्याला डावलायचे नाही, ही दृष्टी त्यात होती. शहराच्या बाबतीत ती फळाला आली. १८७२ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या १२,४८९ भरली, म्हणजे जेमतेम त्रेपन्न वर्षांत जवळजवळ पाचपट.

शेतीच्या बाबतीतही साऱ्यात सूट, तगाई आणि पडीक जमिनीवर हलका आकार ही साधने होती. खानदेशात लोक कोठकोठून आले याची यादी मोठी आहे. गुजरातेतून लेवा आणि गुजर यांनी आपण आल्याची परंपरा सांगितली. राजपूत, माळव्याकडचे शेतकरी, बंजारा आले. मारवाडातून सावकार व व्यापारी आले. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर मालेगाव-धुळ्याकडे आले. (मालेगाव १८६९ पर्यंत खानदेशातच होते.) हे सारे एका दमात वा एकाच सरकारच्या हाकेवर आले असे मात्र समजू नये. लेवा-गुजरांची पुष्कळ घराणी इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून तापीकाठी स्थिर होती. नव्या राजवटीने जुन्याच प्रवाहाला पाट काढून दिला, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. साऱ्या खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये सुमारे दहा लाख होती. १९०१ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतरही, ती सव्वाचौदा लाखांवर होती.

ओसाड कोणाच्या लेखी?

येथवरची कथा ही यशाची कथा आहे, आणि जिल्ह्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती बहुधा येथेच संपते. पण 'ओसाड' हा शब्द थोडा थांबून पाहिला पाहिजे. जमीन ओसाड असणे ही निसर्गातली वस्तुस्थिती नव्हे. ती सारावसुलीच्या वहीतली नोंद आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती ओसाड. मग तेथे कोणी मोहाची फुले वेचत असो, गुरे चारत असो, डिंक-लाख गोळा करत असो, की दोनतीन वर्षे राब जाळून नागली पिकवून पुढे सरकत असो. वहीच्या लेखी तेथे कोणीच नाही.

खानदेशात या रिकाम्या रकान्यात जे राहत होते त्यांत भिल्ल हे प्रमुख. सातपुडा, सातमाळा आणि पश्चिमेकडचा डोंगराळ पट्टा हा त्यांचा मुलूख. मैदानातल्या गावांत जागल्याचे काम व त्याचा हक्क परंपरेने त्यांच्याकडे असे. घाटातल्या वाटांचे रखवालदारही तेच. दुष्काळाने गावे मोडली तेव्हा त्यांचे गावकीतले हक्कही मोडले. मग त्यांतल्या पुष्कळांनी लुटीचा मार्ग धरला. पेशवाईच्या अखेरच्या काळात सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांच्या कारकिर्दीत कोपरगावास भिल्लांची मोठी कत्तल झाली. त्या कत्तलीने बंदोबस्त झाला नाही, वैर मात्र वाढले.

इंग्रजांनीही पहिली काही वर्षे फौजेच्या बळावर हा प्रश्न सोडवू पाहिला. त्यात यश येईना तेव्हा १८२५ मध्ये धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी नेमण्यात आल्या. जे शरण येतील त्यांना माफी, जमीन, बी-बियाणे व बैलांसाठी तगाई द्यावी आणि वस्ती करून राहण्यास लावावे, असे ठरले. त्याच वर्षी जेम्स आउट्रम यांनी भिल्ल पलटण उभी केली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. म्हणजे भिल्लांनाही कौल मिळाला. आउट्रम यांच्या शिकारीच्या व शौर्याच्या गोष्टी इंग्रजी चरित्रकारांनी रंगवून सांगितल्या आहेत. त्यांत या दुसऱ्या कौलाकडे दुर्लक्ष झाले.

एकच साधन दोघांना दिले गेले. मग गुजरातेतून आलेला शेतकरी पन्नास वर्षांत पाटील झाला आणि भिल्ल त्याच्या शेतावरचा सालदार झाला, हे कसे? 'उद्यमशील जात' आणि 'आळशी जात' हे याचे उत्तर त्या काळच्या साहेबांच्या लेखणीत तयार असे. दुर्दैवाने ते आजही अनेकांच्या ओठांवर असते. पण उत्तर बाहेर शोधले पाहिजे. बाहेरून येणारा शेतकरी एकटा आलेला नव्हता. त्याच्यामागे बैल होते, भाऊबंद होते, जातपंचायत होती, आणि मुख्य म्हणजे पत होती. सावकार त्याला ओळखत होता. भिल्लाला जमीन मिळाली, बैलांसाठी एकदा तगाई मिळाली. पण दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला तर पुढचे बियाणे कोण देणार, याची सोय त्या कौलात नव्हती. बाहेरून आलेल्याला कौलाने आपल्या पायावर उभे केले. भिल्लाला त्याने जमिनीवर बसवले खरे, पण तिचे रक्षण करण्याचे बळ दिले नाही.

मोजणीची साखळी

या फरकाचे दरीत रूपांतर झाले ते शतकाच्या मध्याला. १८५२ मध्ये खानदेशात जमिनीची मोजणी सुरू झाली. सावदा, यावल, चोपडे या पट्ट्यात लोक मोठ्या संख्येने जमले, त्यांनी मोजणीदारांना विरोध केला आणि सरकारला लष्कर आणावे लागले. या उठावाकडे सामान्यतः करवाढीच्या भीतीतून झालेला दंगा म्हणून पाहिले जाते. परंतु हाच पट्टा खानदेशातला सर्वात दाट लागवडीचा होता. रान मोडून बागायत उभी करणाऱ्यांचा हा भाग. माझ्या मते त्यांच्या संतापात कौलाची आठवण होती. सवलतीच्या बोलीवर जमीन सुधारावी, आणि ती सुधारली म्हणून सरकारने तिच्यावर चढा आकार बसवावा, हा त्यांच्या दृष्टीने वचनभंग होता. ज्यांना बोलावले त्यांनीच यजमानाला जाब विचारला, असा या प्रसंगाचा अर्थ लावता येतो.

मोजणी अखेर झालीच. तिने रयतेला जमिनीवर निश्चित हक्क दिला आणि आकार तीस वर्षांसाठी बांधून दिला. या गोष्टी चांगल्याच होत्या. पण निश्चित हक्क म्हणजे गहाण टाकण्याजोगा, विकण्याजोगा हक्क. पूर्वी सावकार पिकावर हात टाकी; आता दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने त्याला खुद्द जमिनीवर हात टाकता येऊ लागला. १८७५ च्या दंग्यांनंतर शेतकऱ्यांच्या बचावासाठी १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला, तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यात नव्हता. शिवाय १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची हद्द आखली गेली. मैदानातली जमीन कर्जात गेली आणि डोंगरातले रान सरकारजमा झाले. दोहोंच्या मध्ये भिल्ल उरला.

मराठी गावगाड्यात 'मिरासदार' आणि 'उपरी' असे दोन शब्द होते. पिढीजात हक्काचा तो मिरासदार. बाहेरून येऊन बोलीवर जमीन कसणारा तो उपरी. खानदेशात पन्नास-साठ वर्षांत या शब्दांची अदलाबदल झाली. बाहेरून आलेले मिरासदारासारखे स्थिर झाले, आणि या मातीत सर्वांआधीपासून असलेले उपरी ठरले. १९८० साली लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाने 'उपरा' हा शब्द मराठी साहित्यात कायमचा नोंदवला. त्या पुस्तकातले जग कैकाड्यांचे, प्रदेश वेगळा. पण आपल्याच मुलखात परके ठरण्याचा तो अनुभव खानदेशातल्या भिल्लाला शतकभर आधीपासून परिचित होता.

कापूस, रेल्वे आणि नवे आलेले

१८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात पोहोचली. भुसावळ हे खेडे नागपूर व जबलपूरकडच्या फाट्यांचे जंक्शन झाले. तेथे कारखाने, चाळी, अँग्लो-इंडियन वसाहत, आणि प्रांतोप्रांतीचे नोकरदार आले. जळगाव कापसाची पेठ झाले. तेथे मुंबईच्या गुजराती भांडवलाने गिरणी उभारली गेली, आणि आजही त्या घराण्यातल्या मूळजी जेठा यांच्या नावाचे महाविद्यालय तेथे आहे. अमळनेरला प्रताप शेठांची गिरणी, प्रताप हायस्कूल आणि तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. याच अमळनेरात १९४५ साली मुंबईच्या एका गुजराती व्यापारी कुटुंबाने वनस्पती तुपाचा कारखाना काढला. त्याच कंपनीचे पुढे विप्रो झाले. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या जळगाव-धुळ्यात झाल्या आणि बाजारपेठेत त्यांनी आपली जागा मिळवली.

विचारांच्या क्षेत्रातही हेच दिसते. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. ते प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि खानदेशाचे झाले. 'महाराष्ट्राचा वसाहतकाल' लिहिणारे इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात येऊन राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. वसाहतीचा इतिहास लिहिणारा मनुष्य स्वतः धुळ्याचा उपरी होता, आणि त्याच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून त्या शहराचे भूषण ठरले.

भाषेत तर या येण्याजाण्याचा थर अन् थर मोजता येतो. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात खानदेशी बोली मराठीच्या खंडात नाही. १९०७ च्या ज्या भागात ती आहे तो भिल्ली भाषांचा आहे. हे वर्गीकरण सर्वांना मान्य नसेल. पण कारकुनाने वहीत ज्यांचा रकाना रिकामा ठेवला त्यांच्याच बोलीशेजारी भाषाशास्त्रज्ञाने साऱ्या खानदेशाची बोली बसवावी, यात मोठा अर्थ आहे. अहिराणीत गुजराती वळणे आहेत, भिल्लीशी नाते आहे, मराठीचा घाट आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) ज्या लेवा बोलीत गायल्या तीही अशाच मुरलेल्या मिश्रणातून आलेली. स्थलांतराने भाषा बाटते अशी भीती घालणाऱ्यांनी बहिणाबाईंकडे पाहावे. मराठीचे अस्सल म्हणून आपण जे वर्गात शिकवतो, ते एका जुन्या स्थलांतराचे तिसऱ्या-चौथ्या पिढीतले वा त्याहून पुढचे धन आहे.

हिशेब पुढे चालू

जुना हिशेब मात्र मिटला नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याचा शहादे तालुका (तेव्हा धुळे जिल्ह्यात) १९७१-७२ मध्ये पेटला तो जमिनीवरून. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने सावकारी व्यवहारांत गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत मागितल्या. समोर होते ते सधन जमीनदार. त्यांच्या पूर्वजांनीही एकेकाळी रान मोडून, घाम गाळून ही शेते उभी केली होती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात इतिहासाचा एकेक तुकडा खरा होता, म्हणूनच तो झगडा इतका कडवट झाला. अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे. १८२५ च्या कौलात जे कलम राहून गेले होते, ते लिहायला दीडशे वर्षे लागली. आणि तरीही त्याने मागे नेले ते १ एप्रिल १९५७ पर्यंतचेच व्यवहार. त्याआधीचे सारे तसेच राहिले.

गेल्या काही दशकांत प्रवाहाची दिशा फिरली आहे. ज्या तापीच्या काठाने एकेकाळी गुजरातेतून बैलगाड्या आल्या, त्याच वाटेने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे सुरतेकडे जाऊ लागली. तेथल्या उधना-लिंबायत भागात मागमाग, साडीचे कारखाने आणि खानदेशी बोली एकत्र नांदतात. ऊसतोडीचा हंगाम आला की नंदुरबार-धुळ्यातली पाडेच्या पाडे रिकामी होतात. कोयता आणि पोरेबाळे घेऊन माणसे दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाने दिलेली उचल हीच त्यांची तगाई. फरक इतकाच, की ब्रिग्जच्या आगाऊ रकमेतून घर उभे राहत होते आणि मुकादमाच्या उचलीतून फक्त पुढच्या हंगामाची बांधिलकी उभी राहते. जाणाऱ्यांत पुष्कळ जण तेच आहेत, ज्यांच्या जमिनी त्या जुन्या वहीत 'ओसाड' म्हणून लिहिल्या गेल्या होत्या.

या इतिहासातून बाहेरच्यांना येऊ द्यावे की देऊ नये, याचे सोपे उत्तर मिळत नाही. बाहेरच्यांवाचून खानदेशात धुळ्याची पेठ नव्हती, जळगावचा कापूसबाजार नव्हता, बहिणाबाईंची गाणी नव्हती. म्हणून 'आम्ही मूळचे, तुम्ही आगंतुक' ही भाषा या मातीत तरी कोणी बोलू नये. बोलण्याचा थोडाबहुत अधिकार ज्यांना आहे त्या डोंगरातल्या माणसांना कोणी विचारत नाही. आणि आलेल्यांच्या कर्तबगारीचे गुणगान करताना, त्यांना दिलेली जागा कोणाच्या रकान्यातून काढली, हेही विसरू नये. १८१९ च्या धुळ्यात आगाऊ रक्कम जुन्यांनाही मिळाली आणि नव्यांनाही. नव्या पेठेच्या हद्दीत कळलेली ही साधी गोष्ट डोंगराच्या पायथ्याशी कळायला हवी होती. कौल द्यावा, पण त्याआधी गाव खरोखर रिकामे आहे का, हे वहीत न पाहता रानात जाऊन पाहावे.